दारुहळद आणि जिवाणूचा पंप : एका वनौषधीचे प्रकरण

२००० सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात पाच पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्टर्मिट्झ आणि टफ्ट्स विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किम लुईस यांच्या गटाने त्यात असे दाखवले होते की, दारुहळदीच्या कुळातील काही झुडपे जिवाणूंना मारणारे एक द्रव्य तर बनवतातच, पण ते द्रव्य बाहेर फेकून देण्यासाठी जिवाणू जी यंत्रणा वापरतो ती बंद पाडणारे दुसरे द्रव्यही बनवतात. पहिल्याचे नाव बर्बेरीन. दुसऱ्याचे, जरा जड असले तरी लक्षात ठेवण्याजोगे, मिथॉक्सिहिड्नोकार्पिन. हे दुसरे द्रव्य विज्ञानाला अगदीच नवे नव्हते. कुष्ठरोगावरील जुने औषध म्हणून जगभर वापरल्या गेलेल्या चौलमुग्रा तेलातील एक किरकोळ घटक म्हणून त्याची नोंद आधीच झालेली होती आणि त्या तेलाच्या झाडांपैकी एक, कडू कवठ, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि कोकणात वाढते.

वनौषधी आणि प्रतिजैविकांचा प्रतिरोध या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते त्यात दोन विधाने नेहमीची आहेत. एक असे की वनस्पतिजन्य औषधांना जंतू कधी सरावत नाहीत. दुसरे असे की ही सगळी आजीबाईच्या बटव्यातली भाबडी समजूत आहे. दारुहळदीचे प्रकरण तपशिलाने पाहिले तर ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. या वनस्पतीचे भारतीय वैद्यकातील स्थान जुने आहे, तिच्यातील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात उपलब्ध आहे, त्याच्यावर रुग्णांमध्ये नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत आणि जिवाणू त्याला कसे दाद देत नाहीत याची यंत्रणाही उलगडली आहे. इतक्या सगळ्या गोष्टी एकाच वनौषधीबाबत एकत्र मिळणे दुर्मीळ आहे, म्हणून अभ्यासासाठी हे प्रकरण निवडले.

औषधी आणि तिचा पूर्वेतिहास

दारुहळद हे हिमालयाच्या उतारांवर वाढणारे काटेरी झुडूप आहे. आपल्या स्वयंपाकघरातील हळदीशी तिचे कुळाचे नाते नाही. साम्य आहे ते केवळ लाकडाच्या आणि मुळांच्या पिवळ्या रंगाचे, आणि तो रंग कर्क्युमिनचा नसून बर्बेरीनचा असतो. मुळे व खोड पाण्यात उकळून, काढा आटवून जो घट्ट तपकिरी गोळा तयार करतात तो रसांजन किंवा रसौत या नावाने काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. डोळ्यांचे विकार, व्रण, मूळव्याध आणि अतिसार यांवर आयुर्वेदात त्याचा उपयोग सांगितलेला आहे. महाराष्ट्रात अतिसारावर आधी हात जातो तो कुड्याकडे, कारण कुडा आपल्या डोंगरात वाढतो. दारुहळद इथे नेहमीच व्यापारातून आली. शिवाय त्या नावाखाली बाजारात पुष्कळदा दक्षिणेकडील एका वेलीचे पिवळे खोड विकले जाते, ज्याला झाडी हळद म्हणतात. त्या वेलीतही बर्बेरीन असते, त्यामुळे रंगावरून फसगत लक्षात येत नाही.

बर्बेरीनचा आधुनिक तपास सुरू होण्यात मुंबईचा वाटा आहे. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली सशाच्या नवजात पिल्लांमध्ये पटकी (कॉलरा) निर्माण करण्याची पद्धत बसवली होती, आणि पटकीच्या औषधांची परीक्षा प्राण्यांमध्ये करण्यासाठी तोवर अशी खात्रीची सोय नव्हती. १९६२ साली दत्त आणि पानसे यांनी प्रायोगिक पटकीत बर्बेरीन उपयोगी ठरते असे नोंदवले. १९६७ साली लाहिरी आणि दत्त यांनी पटकी व तीव्र अतिसाराच्या रुग्णांत बर्बेरीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक यांच्या उपयोगाविषयी लिहिले. तो काळ प्रतिजैविकांच्या भरभराटीचा होता. नवनवीन औषधे दर वर्षा-दोन वर्षांनी बाजारात येत असताना एका पिवळ्या मुळाच्या सत्त्वाकडे जगाने फारसे वळून पाहिले नाही, यात नवल नाही.

रुग्णांमधील दोन चाचण्या

१९८०च्या दशकात ब्रह्मदेशात आणि बांगलादेशात ज्या दोन चाचण्या झाल्या त्या या प्रकरणाचा कणा आहेत. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत, आणि म्हणूनच त्या बारकाईने वाचल्या पाहिजेत.

ब्रह्मदेशातील चाचणी १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. पाण्यासारखे जुलाब होत असलेल्या ४०० रुग्णांना बर्बेरीन, टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, दोन्ही एकत्र किंवा निष्क्रिय गोळी यांपैकी एक उपचार देण्यात आला. बर्बेरीनचे प्रमाण १०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा असे होते. यांपैकी १८५ रुग्णांना पटकी असल्याचे तपासणीत ठरले. त्यांच्यात टेट्रासायक्लिनने जुलाब स्पष्टपणे कमी झाले, बर्बेरीनने मात्र थेट तुलनेत तसे घडले नाही. चारही गटांची आकडेवारी एकत्र मांडून हिशेब केला तेव्हा बर्बेरीन घेतलेल्यांत मलाचे प्रमाण सुमारे एक लिटरने घटल्याचे दिसले. उरलेल्या २१५ रुग्णांत, म्हणजे पटकी नसलेल्या जुलाबांत, बर्बेरीन आणि टेट्रासायक्लिन या दोहोंपैकी कशानेही निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक फायदा झाला नाही. या शेवटच्या वाक्यातील टेट्रासायक्लिनचा उल्लेख नजरेआड होता कामा नये: बहुसंख्य साध्या जुलाबांत प्रतिजैविकाचा काही उपयोग नसतो, हे त्या चाचणीने जाता जाता दाखवून दिले होते.

याच चाचणीत आणखी एक नोंद आहे, जी प्रतिरोधाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चोवीस तासांनंतर टेट्रासायक्लिन घेतलेल्या रुग्णांपैकी फार थोड्यांच्या मलात पटकीचे जंतू उरले होते; केवळ बर्बेरीन घेतलेल्यांत ते कितीतरी अधिक जणांच्या मलात सापडत राहिले. म्हणजे रुग्णाच्या आतड्यात बर्बेरीनने जंतू मारले असे म्हणण्याला आधार मिळत नाही.

दोन वर्षांनी, १९८७ साली, ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील जी. एच. रब्बानी आणि सहकाऱ्यांनी १६५ प्रौढ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. जुलाब कोणत्या जंतूमुळे झाले हे निश्चित करून रुग्णांचे गट पाडले, आणि बर्बेरीन थोडे थोडे न देता ४०० मिलिग्रॅम एकाच वेळी दिले. विष निर्माण करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूमुळे ज्यांना जुलाब होते त्यांच्यापैकी बर्बेरीन घेतलेल्या ४२ टक्के रुग्णांचे जुलाब चोवीस तासांत थांबले. न घेतलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. पटकीत मात्र परिणाम किरकोळ होता, आणि टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरीन दिल्याने काही भर पडली नाही.

दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की जे चित्र दिसते त्याला १९८२ सालच्या एका प्रयोगशालेय कामाचा आधार आहे. पटकीचे जंतू आणि ई. कोलाय जी विषे सोडतात त्यांच्यामुळे आतड्याच्या पेशी पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागतात. बर्बेरीन हे स्रवणे कमी करते असे सॅक आणि फ्रोलिक यांनी प्राण्यांच्या आतड्यांवर दाखवले होते. तेव्हा ढाक्यात जे जुलाब थांबले ते बहुधा जंतू मेल्यामुळे नव्हे, तर आतड्याने विषाला दिलेला प्रतिसाद बर्बेरीनने आवरल्यामुळे. शिवाय तोंडाने घेतलेले बर्बेरीन रक्तात एक टक्क्याहूनही कमी शोषले जाते. आतड्याच्या विकारात हे सोयीचे आहे, पण फुप्फुसाच्या किंवा रक्तातील संसर्गावर त्याच गोळीने उपचार होईल ही आशा त्यामुळे फोल ठरते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत एखाद्या काढ्याने जंतूंची वाढ थांबवली म्हणून तो काढा पोटात घेतल्यावर न्यूमोनिया बरा करील असा अर्थ काढणारे लेख आजही सर्रास दिसतात. त्यांनी हा एक टक्क्याचा आकडा एकदा तरी विचारात घ्यावा.

जंतूला न मारता त्याच्या विषाचा परिणाम आवरणाऱ्या औषधाचा एक लाभ तर्काने मांडता येतो. जो उपचार जंतूच्या जगण्यामरण्याशी संबंध ठेवत नाही, त्याच्या दडपणाखाली तगून राहणाऱ्या जंतूंची निवडही होत नाही, म्हणून प्रतिरोध वाढण्याचे कारण कमी होते. तर्क बरोबर आहे, परंतु बर्बेरीनला तो पूर्णपणे लागू होत नाही, कारण पुरेशा मात्रेत बर्बेरीन काही जंतूंना खरोखरच मारते आणि जंतूंनी त्याच्यावर उपायही शोधून ठेवला आहे. प्रकरणाचा पुढचा भाग त्याच उपायाचा आहे.

पंप

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवे, रांजणवाडी, जखमांतील पू यांमागचा नेहमीचा जिवाणू. १९८९-९०च्या सुमारास जपानी संशोधकांनी त्याच्यात एक जनुक ओळखले, जे अधिक जोराने काम करू लागले की नॉरफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक निष्प्रभ होते. म्हणून त्याला नॉर-ए असे नाव मिळाले. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पटलात बसते आणि आत आलेले औषध बाहेर फेकते. नॉरफ्लॉक्सॅसिन हे पूर्णतः कृत्रिम औषध. ते १९८०च्या दशकात वापरात आले. मग त्याला बाहेर फेकणारा पंप जिवाणूकडे आधीपासून कसा होता? हा पंप सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेट्रिमाइडसारखी जंतुनाशके आणि प्रयोगशाळेत वापरला जाणारा एथिडियम ब्रोमाइड हा रंग अशी परस्परांशी फारसे साम्य नसलेली द्रव्ये बाहेर टाकतो. ही सगळी मानवाने अलीकडे बनवलेली आहेत. पंपाचे मूळ काम यांच्यापैकी कोणतेच असू शकत नाही.

लुईस यांच्या गटाने १९९८ साली नॉर-ए काढून टाकलेला जिवाणू तयार करून त्याच्यावर वेगवेगळी द्रव्ये वापरून पाहिली, तेव्हा बर्बेरीन त्याला सहज मारते असे दिसले. बर्बेरीनचा रेणू धन प्रभाराचा असतो आणि जिवाणूच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋण असतो, त्यामुळे बर्बेरीन आपोआप आत ओढले जाऊन साठत जाते आणि डीएनएला चिकटते. पंप असलेल्या जिवाणूत हे साठणे होत नाही. गळक्या होडीत पाणी झिरपत असावे आणि नावाड्याने ते सतत उपसत राहावे, तसा हा प्रकार आहे: पाणी येणे थांबत नाही, पण होडी बुडत नाही. यावरून लुईस यांनी असा विचार मांडला की अशा पंपांची मूळ लक्ष्ये बर्बेरीनसारखी निसर्गातील विषे असावीत, आणि आपली आधुनिक औषधे त्याच वाटेने बाहेर पडतात. हे अनुमान मान्य केले तर वनस्पतिजन्य औषधांना जंतू सरावत नाहीत हे विधान नुसते चूक ठरत नाही, उलटे ठरते. जंतू वनस्पतींच्या विषांना कधीचेच सरावलेले आहेत, आणि त्या सरावाचा त्रास आज नॉरफ्लॉक्सॅसिन लिहून देणाऱ्या डॉक्टरला होतो आहे.

ज्या झुडपांत बर्बेरीन आहे ती झुडपे तरीही जिवाणूंना बळी पडत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे पंपावर काहीतरी तोड असली पाहिजे, हा तर्क धरून स्टर्मिट्झ आणि लुईस यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील दारुहळदीच्या जाती तपासल्या. शोध घेण्याची पद्धत सुबक होती. झुडपाच्या अर्काचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग जिवाणूवर एकटा न वापरता, जिवाणू मरणार नाही इतक्या थोड्या बर्बेरीनच्या सोबत वापरायचा. एकटा निरुपयोगी पण बर्बेरीनसोबत घातक ठरणारा भाग हातात आला की त्यातला रेणू शोधायचा. तो रेणू म्हणजे मिथॉक्सिहिड्नोकार्पिन. त्याच्या एकट्याच्या अंगी जंतुनाशक गुण नाही. औषधी वनस्पतींची नेहमीची चाळणी त्याला निकामी म्हणून फेकून देते. पण तो हजर असला की पंप पूर्ण थांबतो, बर्बेरीन पेशीत साठते आणि जिवाणूची वाढ खुंटते.

आयुर्वेदात योगवाही या नावाने एक कल्पना आहे, दुसऱ्या द्रव्याचा गुण वाढवणाऱ्या द्रव्याची. पिंपळी आणि मध यांच्याबाबत ती विशेष सांगितली जाते. स्टर्मिट्झ-लुईस यांचा निबंध या कल्पनेचा पुरावा म्हणून अनेकदा उद्धृत होतो. मला हा उपयोग अर्धाच पटतो. एका द्रव्याने दुसऱ्याला बळ देणे ही गोष्ट खरोखर घडते आणि ती रेणूच्या पातळीवर दाखवता येते, एवढे या प्रयोगाने सिद्ध झाले. परंतु ते द्रव्य झुडपाच्या पानांमधून मिळाले होते, आणि रसांजन करतात ते मुळांपासून व खोडापासून. मुळात बर्बेरीन भरपूर असते म्हणूनच ती खणली जातात. तेव्हा आपल्या परंपरेतील काढ्यात पंप बंद पाडणारे हे द्रव्य असते असे या निबंधावरून म्हणता येत नाही. परंपरेने जे केले नाही त्याचे श्रेय तिला देण्याची घाई करू नये. जे केले, म्हणजे अतिसारावर नेमकी ही मुळे निवडली, त्याचे श्रेय पुरेसे मोठे आहे.

कडू कवठाचा धागा

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. तो पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत वाढतो असे तिथे म्हटले आहे आणि त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. हा वृक्ष कडू कवठ असल्याचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चौलमुग्रा वर्गातील तेले हेच जगभर कुष्ठरोगावरचे प्रमुख औषध होते. ते पोटात घेतले की उलट्या होत, टोचले की गाठी आणि वेदना होत, आणि गुण येई तो अनिश्चित. १९४०च्या दशकात सल्फोन वर्गाची औषधे आली तेव्हा तेल मागे पडले.

पण पुढे काय झाले, हेही या प्रकरणाला लागून आहे. सल्फोन वर्गातील डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे दिले गेले आणि कुष्ठरोगाच्या जंतूत त्याला प्रतिरोध निर्माण झाला. अखेर १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला आणि तोच आजवर टिकला आहे. चौलमुग्रा तेलाचा जो काही थोडा गुण होता तो मिथॉक्सिहिड्नोकार्पिनमुळे होता असे कोणी दाखवलेले नाही, आणि तसे सुचवणे अनाठायी होईल. तेलात ते अत्यल्प असते. एवढेच म्हणता येते की दोन वेगळ्या खंडांतील, वेगळ्या कुळांतील वनस्पती तोच रेणू बनवतात, आणि चौलमुग्रा तेलात तो नोंदला गेला तेव्हा त्याचे काम काय असू शकेल हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

औषध का झाले नाही

स्टर्मिट्झ-लुईस यांच्या निबंधाला पाव शतक होऊन गेले. बर्बेरीन आणि पंपरोधक यांची जोडगोळी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही, आणि जिवाणूचा पंप रोखणारे कोणतेच औषध संसर्गावरील उपचारात अजून आलेले नाही. त्याची कारणे समजून घेतली तर वनौषधींविषयीच्या पुष्कळ उत्साही लेखनाला आपोआप वेसण बसेल.

पहिले कारण असे की पंप एकच नसतो. स्टॅफिलोकॉकसमध्येच नॉर-एखेरीज इतर पंप आहेत. ज्या जंतूंनी आज भारतातील अतिदक्षता विभाग जेरीस आणले आहेत ते क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय हे दुहेरी पटलाचे जिवाणू आहेत. त्यांचे पंप वेगळे, अधिक शक्तिमान आणि बाहेरच्या पटलाच्या जोडीने काम करणारे. लुईस यांच्याच गटाने २००२ साली कृत्रिम पंपरोधक वापरून दाखवले की हे पंप बंद केले तर अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये अशा जिवाणूंविरुद्धही कमालीची प्रभावी होतात. पण मिथॉक्सिहिड्नोकार्पिन तिथे कामाचे नाही.

दुसरे कारण, पंप हा प्रतिरोधाचा एक मार्ग आहे, सर्व प्रतिरोध नव्हे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांविरुद्धचा तीव्र प्रतिरोध मुख्यतः ज्या प्रथिनावर औषध काम करते त्यातच बदल झाल्याने येतो. २००८ साली दिल्लीतील रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूत प्रथम ओळखले गेलेले एनडीएम-१ हे विकर (एन्झाइम) तर कार्बापेनेम वर्गातील प्रतिजैविकाचे तुकडेच करते. अशा ठिकाणी पंप थांबवून हाती काही लागत नाही.

तिसरे कारण व्यवहाराचे आहे. दोन द्रव्ये एकाच वेळी, एकाच ऊतीत, योग्य प्रमाणात पोचली तरच जोडी काम करते. काचेच्या नळीत ते आपोआप साधते, शरीरात दोघांचे शोषण आणि उत्सर्जन वेगवेगळ्या गतीने होते. यावर तोड म्हणून २००६ साली बर्बेरीनचा रेणू आणि एक कृत्रिम पंपरोधक हे रासायनिक बंधाने एकत्र जोडून एक संकरित रेणू बनवण्यात आला, आणि जंतुसंसर्ग केलेल्या सूक्ष्म कृमींमध्ये तो गुणकारीही ठरला. कृमीपासून माणसापर्यंतचा रस्ता मात्र त्याने कापलेला नाही.

चौथे, विषारीपणा. नॉर-ए रोखणारा सर्वांत आधी माहीत झालेला रेणू म्हणजे रेसर्पिन, तोही आपल्याच सर्पगंधेतला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला तेव्हापासून ही वनस्पती जगाला ठाऊक झाली. पण पंप थांबवायला रेसर्पिन जितके लागते तितके शरीरात पोचले तर मज्जासंस्थेला ते झेपणार नाही.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे काम या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. तिथे सी. के. अटल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्रिकटूचा, म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचा, इतर औषधांच्या शोषणावर होणारा परिणाम तपासायला घेतला आणि त्यातून मिरीतील पायपेरिनचे महत्त्व पुढे आले. त्याच संस्थेतील संशोधकांनी २००६ साली दाखवले की पायपेरिन नॉर-ए पंप रोखून सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा स्टॅफिलोकॉकसवरील प्रभाव वाढवते; हे प्रयोगशाळेतच राहिले. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनसोबत पायपेरिन दिल्यास नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅमही पुरते, या दाव्यावर बेतलेली गोळी मात्र भारतात मंजूर होऊन बाजारात आली. तिथे पायपेरिन जिवाणूवर नव्हे तर रुग्णाच्या आतड्यावर आणि यकृतावर काम करते, म्हणजे औषध अधिक शोषले जाते. परंपरेतून आलेले निरीक्षण, त्यातील द्रव्य वेगळे करणे, प्रमाण ठरवणे, नियामकाकडे जाणे, असा पूर्ण प्रवास झालेली उदाहरणे थोडी आहेत, आणि हे त्यांपैकी एक.

या प्रकरणावरून उपचारात काय बदलावे

साध्या पाण्यासारख्या जुलाबांवर आपल्याकडे नॉरफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनची गोळी, पुष्कळदा आणखी एका औषधाशी जोडून, दुकानातून सहज आणली जाते. दोन गोळ्यांत बरे वाटले की उरलेल्या कपाटात जातात. मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी एच-१ अनुसूचीचे (औषधविक्रीच्या नियमांतील एका यादीचे) अधिक कडक नियम लागू झाले, तरी ही सवय मोडलेली नाही. ब्रह्मदेशातील चाचणीतले २१५ रुग्ण इथे आठवावेत. अशा जुलाबांत जीव वाचतो तो जलसंजीवनीने, आणि लहान मुलांत तिच्या जोडीला जस्ताच्या गोळीने. ताप, मलातून रक्त, किंवा पटकीची शंका असेल तेव्हाच प्रतिजैविकाचा विचार करायचा असतो आणि तो डॉक्टरने करायचा असतो. बर्बेरीनयुक्त औषधाने प्रौढ माणसाचे जुलाब काही तास लवकर थांबत असतील आणि तेवढ्यामुळे एक अनावश्यक प्रतिजैविक टळत असेल, तर प्रतिरोधाच्या लढ्यात त्याचा उपयोग तोच. तो उपयोग लहान आहे पण खरा आहे, आणि जिवाणूचा पंप बंद पाडण्याच्या दिमाखदार कथेपेक्षा तो अधिक सिद्ध आहे.

त्याला मर्यादाही आहेत. बर्बेरीन यकृतातील औषध विघटित करणाऱ्या विकरांना अडवते, म्हणून सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाची रक्तातील पातळी त्याने वाढते. मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाने ते आपल्या मनाने घेणे धोक्याचे आहे. नवजात बाळाच्या रक्तात ते बिलिरुबिनला त्याच्या जागेवरून हलवू शकते आणि कावीळ मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका वाढतो, म्हणून गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि तान्ही बाळे यांना ते देऊ नये. वनस्पतीचे आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही समजूत या एका द्रव्यापुरती तरी सोडावी लागते.

आणि प्रश्न पुरवठ्याचाही आहे. मुळासाठी झुडूप खणले की झुडूप संपते. हिमालयातील दारुहळद अशा खोदाईने अनेक ठिकाणी विरळ झाली आहे, आणि तिच्याऐवजी विकली जाणारी दक्षिणेकडील वेल तर अतिसंकटग्रस्त मानली जाते. अमेरिकेतील गोल्डनसील या बर्बेरीनयुक्त वनस्पतीवर २०११ साली झालेल्या कामात असे आढळले की मुळांत बर्बेरीन अधिक असले तरी पंप रोखणारी द्रव्ये जमिनीवरील भागात अधिक असतात, आणि त्यामुळे पानांचा अर्क स्टॅफिलोकॉकसविरुद्ध त्यातील बर्बेरीनच्या प्रमाणावरून वाटेल त्यापेक्षा अधिक प्रभावी ठरतो. दारुहळदीबाबत हीच तपासणी पान, खोड आणि मूळ वेगवेगळे घेऊन, पंप असलेल्या आणि नसलेल्या जिवाणूंवर, शेजारी शेजारी ठेवून करता येईल. त्यासाठी लागणारी साधने आपल्या कोणत्याही बऱ्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात असतात. पानांचा उपयोग ठरला तर झुडूप न मारता दर वर्षी तोड घेता येईल. आज बाजाराला पाने नको आहेत. व्यापारी किंमत देतात ती मुळाला आणि खोडाच्या पिवळ्या तुकड्यांना.